व्यंकटेशचं पोट आणि आमचा बोळ

आमच्या बोळात यंत्रमागाचे कारखाने जोरात होते, तेव्हा कापसाचा भुगा सगळीकडे साचायचा. सकाळी पायरी झाडली की दुपारी पुन्हा थर. आता माग थोडेच उरलेत. भुगा कमी झाला, पण किस्से मात्र तसेच साचतात. मी चार जणींना सांगून मोकळी होते, तर संध्याकाळी नवे दारात हजर! आणि गेल्या वर्षभरातले निम्मे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. समोरच्या व्यंकटेशचं पोट!

आधीच सांगून ठेवते, मी कुणाच्या घरात डोकावत नाही. माझी खिडकीच तशी आहे. खाली बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये इरफानसरांची जिम, आणि तिच्या शेजारी व्यंकटेशचं घर. डोळे मिटून तर भाजी निवडता येत नाही ना!

*

व्यंकटेश म्हणजे अंबादासभावजींचा एकुलता एक. भावजींचं नवी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान. भावजी बोळात वळले की आधी पोट येतं, मग चप्पल दिसते, मग भावजी.

इरफानसर होटगी रोडला दुसरी जिम काढणार होते. तिथं कोच पाहिजे होता. व्यंकटेश चार वर्षं त्यांच्या हाताखाली घाम गाळत होता, त्यानं लगेच हात वर केला. सर त्याच्या पोटाकडं बघून म्हणाले, "बेटा, नॉलेज है तेरे पास. पन पोटावर काय तरी दिसायला पायजे ना! गणपतीच्या बॉडी शोत पहिल्या तिघांत ये. जागा तुझी!"

घरी हे कळल्यावर भावजी हसले ते हसलेच. त्यांचं पोट वेगळं हसतं. ते थांबले तरी पोट थोडा वेळ चालूच राहतं.

"आपल्यात सिक्स पॅक? अरं, मी आईवर गेलो, तू माज्यावर. रक्तातच गोल हाय! तरी बी बघ करून. जमलं तर जा होटगी रोडला. न्हाय जमलं तर दसऱ्यापास्नं दुकानात बसायचं. कायमचं. कबूल?"

"कबूल, नाना!" व्यंकटेश म्हणाला.

"कबूल!" मी पण म्हणाले.

दोघांनी वर बघितलं. मी मेथी निवडायला लागले.

*

झालं, बोळात दोन पार्ट्या पडल्या! एक रक्तवाली, एक मेहनतवाली. आमचे हे एस.टी.तून रिटायर झालेले, ते रक्तवाले. मी अर्थातच मेहनतवाली. चाळीस वर्षांच्या संसारात आमची एक पार्टी कधी झालीच नाही.

भांडण मिटवायला बोराडे मास्तर आले. शाळेत विज्ञान शिकवायचे. म्हणाले, "वाद नको, पुरावा पाहिजे. आपण मापं घेऊ." मास्तरीणबाईंच्या शिलाई मशीनच्या डब्यातला टेप आणला. वही उघडली, रेघा मारल्या, वर 'कुटुंब' असं लिहिलं.

अंबादासभावजी खुर्चीवरून उठले, बनियन वर केला. "घ्या मास्तर! लाजायचं काय त्यात? कमावलेलं हाय!"

मास्तरांनी दोन्ही हातांनी भावजींना मिठी मारली. मागून टेप पुढं आणला. दोन टोकं एकमेकांकडं बघत राहिली, भेटली काही नाहीत! टेप एका बाजूनं तुटका होता म्हणा.

मास्तरांनी चष्मा सारखा करून वहीत लिहिलं, 'मोजता आले नाही.'

"म्हणजे सिद्ध झालं!" आमचे हे ओरडले.

काय सिद्ध झालं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

*

व्यंकटेशनं खाणं बदललं. भात बंद, तेल बंद, आमच्या घरची शेंगापोळी बंद! उकडलेली अंडी, काकडी, आणि एका मोठ्या डब्यातली पावडर. दोन महिने वजन उतरलं. मग अचानक चढायला लागलं! पोरगं रडकुंडीला आलं. "काकू, पाणी प्यालो तरी वाढतंय!"

"रक्त, रक्त!" आमचे हे.

इरफानसर थेट व्यंकटेशच्या स्वयंपाकघरात गेले. (त्याच्या आईनं, लक्ष्मीवहिनींनी, मला हाक मारली म्हणून मी तिथं होते. म्हणजे, मारली असती.) सरांनी पावडरीचा डबा उघडला, वास घेतला, चमचाभर तोंडात टाकली. डोळे मिटले. आम्ही श्वास धरून उभे!

"वहिनी, ये क्या है?"

लक्ष्मीवहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पावडर संपत आलती. पोराला कमी पडाय नको म्हणून शेंगाचं कूट टाकलं. जरा गूळ. थोडी वेलची."

"किती दिवस झाले?"

"म्हैनाभर. त्यात बी प्रोटीनच असतंय की!"

व्यंकटेशनं कपाळावर हात मारला. सरांनी मात्र आणखी एक चमचा खाल्ला. "पोटाचा सत्यानाश आहे हा, वहिनी. एकदम बंद!" दारापर्यंत गेले, मागं वळले. "पन माझ्या घरी एक डबा पाठवा."

*

आता माझा एक सांगते, रागवू नका.

आमच्याकडं नळाला चार दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी सगळा बोळ घागरी घेऊन पळत असतो. इरफानसर पोरांना जिमच्या दारात प्लँक करायला लावत होते. कोपरावर आणि पायाच्या बोटांवर आडवं, फळीसारखं ताठ राहायचं. पोरं मिनिटभरात बदाबदा पडत होती. मी तिसरी घागर खाली ठेवली आणि म्हणाले, "हे काय लोळायलेत?"

"काकू, करून दाखवा की!" व्यंकटेश म्हणाला.

मी पदर खोचला आणि झाले आडवी! सरांनी घड्याळ लावलं. शेजारी लक्ष्मीवहिनी उभ्या होत्या. अक्कलकोटचे पाहुणे त्यांच्या भाचीला बघून गेले होते, त्याचं सगळं मला विचारायचंच होतं. पोरगा काय करतो, आई कशी आहे, कन्नड बोलतात की मराठी, चहा पिऊन गेले की जेवून.

"काकू, दोन मिनटं झाली!" पोरं ओरडली.

"थांब रे, हुंड्याचं नाव काढलं का ते ऐकू दे!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हे वरून खिडकीतून म्हणाले, "तोंड चालू असलं की तिला दमच लागत न्हाय!"

"काकू, तुमचे पण सिक्स पॅक असतील!" व्यंकटेश म्हणाला.

"असतील की! कुणी बघितलेत?"

*

व्यंकटेशच्या आजोबांचं, म्हणजे भावजींच्या वडिलांचं, सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यांना सगळे तातय्या म्हणतात, तेलुगूत आजोबा. वाळलेल्या खारकेसारखा माणूस. हातमागावर सगळं आयुष्य गेलं. दिवसभर कट्ट्यावर बसतात, अंगात कायम बंडी. भर उन्हाळ्यात सगळा बोळ उघडाबंब असतो, तातय्यांची बंडी काही निघत नाही. बोलतात कमी. एकच सवय, जवळ आलेल्या माणसाचा कपडा चिमटीत धरून बघायचा. हातमागाचा की मशीनचा, डोळे मिटून सांगतात.

निवडणुकीत एक उमेदवार आले. ढोल, हार, मागं वीस माणसं. भाषण सुरू. "मी तुमच्यातलाच! विणकरांच्या हाताचं कापड मी अभिमानानं अंगावर घालतो!" टाळ्या! मग फोटोसाठी तातय्यांच्या पाया पडायला वाकले.

तातय्यांनी आशीर्वाद दिला. दुसऱ्या हातानं झब्ब्याचं टोक चिमटीत धरलं. अंगठा एकदा फिरवला.

"मशीनचा हाय," म्हणाले. माइक चालू होता!

*

श्रावणात व्यंकटेशच्या पोटावर रेघा उमटायला लागल्या. बोळात साखर वाटायची बाकी राहिली होती! मी रोज खिडकीतून मोजायचे. एक, दोन, तीन... मग एक दिवस तो स्वतःच वर आला, तोंड एवढंसं करून.

"काकू, वाकडे आलेत."

बनियन वर केला. खरंच की! डावीकडं तीन, उजवीकडं दोन. ते पण एका रांगेत नाहीत. डावीकडची रेघ वर, उजवीकडची खाली, जशा अंधारात बांधलेल्या पायऱ्या.

मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्म्यातून निरखून बघितलं. "हे बघ, पोटाच्या पट्ट्या सगळ्यांनाच असतात. किती आणि कुठं, हे जन्मतः ठरतं. व्यायामानं ते सरळ होणार नाही. पण दिसतील की झाकून राहतील, ते तुझ्या जेवणावर आणि घामावर."

"मग मास्तर, तुम्ही कुठल्या पार्टीतले?" मी विचारलं.

"मी रिटायर झालोय," मास्तर म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

शोच्या दिवशी दुपारी व्यंकटेश पुन्हा माझ्या दारात. हातात काजळाची कांडी! "काकू, उजवीकडं एक रेघ वढा की. तुमची रांगोळी लई सरळ येती."

मी ओढली. झक्कास ओढली! सावली पण दिली. पोरगं आरशात बघून इतकं खूश झालं की दोन उड्या मारल्या. मग घाम आला आणि रेघ निघाली बेंबीकडं. पाच मिनिटांत पोटावर भीमा नदीचा नकाशा!

आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो. मग त्यानं ओल्या फडक्यानं सगळं पुसलं. "ऱ्हाऊ दे काकू. हाय तसंच दावतो."

*

मंडळाच्या स्टेजवर पिवळे दिवे, समोर अख्खा बोळ. पंच पुण्याहून आलेले. व्यंकटेश बाहेर आला, हात वर करून पोट आवळलं, आणि देवाशपथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला! चार वर्षांचा घाम त्या पाच चौकोनांत चमकत होता. पोरांच्या शिट्ट्या! लक्ष्मीवहिनींनी डोळ्याला पदर लावला. अंबादासभावजी हाताची घडी पोटावर ठेवून बघत होते, हसत नव्हते.

निकालात व्यंकटेश चौथा आला.

पंच माइकवर म्हणाले, "मेहनत उत्तम. पण सिमेट्री नाही. डावं-उजवं जुळत नाही. हा जन्मजात दोष आहे, त्याला इलाज नाही."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. व्यंकटेशची मान खाली. तेवढ्यात पुढच्या रांगेत हालचाल झाली. तातय्या उठले! काठी टेकत पायऱ्या चढले. नातवासमोर वाकले, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला, अगदी चादरीचा काठ तपासावा तसा. डावीकडून उजवीकडं, पुन्हा उजवीकडून डावीकडं.

मग काठी पंचांच्या हातात दिली आणि बंडीची बटणं सोडली.

त्या वाळक्या पोटावर, कातडीखाली, डावीकडं तीन. उजवीकडं दोन. डावीकडची रेघ वर, उजवीकडची खाली!

माइक पंचांच्या दुसऱ्या हातात होता. तातय्या त्यात म्हणाले, "दोष न्हाय, साहेब. हातमागाचा माल हाय. सरळ येत न्हाय."

असा गोंधळ झाला म्हणून सांगू! ढोलवाल्यानं सांगायच्या आत ढोल वाजवला. पंचसुद्धा हसले. पण निकाल काही बदलला नाही. चौथा तो चौथाच.

स्टेजमागं इरफानसर व्यंकटेशला म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द, बेटा. पहिल्या तिघांत नाही आलास." पोरगं मान हलवून निघालं, तसा सरांनी त्याचा दंड धरला. "पन एक चान्स देतो. दसऱ्यापर्यंत तुझं नाव घेऊन एक तरी मेंबर जिममध्ये आला पायजे. एकच! मग मी समजेन, लोकांना भरोसा आहे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खिडकी उघडली. सहज. व्यंकटेश जिमच्या दारात झाडू मारत होता, इरफानसर खुर्चीवर चहा पीत बसले होते.

बोळाच्या तोंडाशी आधी एक पोट आलं. मग नवे कोरे पांढरे बूट दिसले. मग अंबादासभावजी. अंगात ट्रॅक पँट, तिचं लेबल अजून लोंबत होतं.

ते पोराच्या बाजूनं सरळ पुढं गेले आणि सरांना म्हणाले, "हितं व्यंकटेशसर कोन हायत? त्यांच्याकडंच नाव घालायचंय."

सरांचा चहा हातातच राहिला. व्यंकटेशच्या हातातला झाडू पडला. "नाना... तुमी?"

भावजींनी टी-शर्ट वर केला, दोन्ही हातांनी पोट उचलून धरलं आणि म्हणाले, "बघा सर. ह्याच्या खाली बी हातमागच असंल."