जागेवर नसलात तर

नव्या प्लास्टिकचा वास आला की जामबागच्या आमच्या शाळेत इंटरनेटवरचे फोन आले तो आठवडा आठवतो. मी तिथे ग्रंथपाल होते आणि हे हेडक्लार्क. संगणक चालवता येतो एवढ्यावरून फोनांची व्यवस्था ह्यांच्याकडे आली. आठवड्यात जमलं नाही तर बाहेरचा माणूस नेमू, असं हेडबाईंनी बजावलं होतं. जाडजूड माहितीपुस्तक मिटून हे वही घेऊन निघाले आणि प्रत्येकाला विचारू लागले, "जागेवर नसलात तर फोन कुठे वळवू?" हजेरीच घेतायत असं वाटून सगळे म्हणाले, "स्टाफरूममध्ये." दुसऱ्या दिवशी रिकाम्या स्टाफरूममध्ये फोन वाजत राहिले. शिपाई हसला, "साब, चाय किधर पीते वो पूछो ना." ह्यांनी तसं विचारलं आणि शनिवारपर्यंत प्रत्येक फोन उचलला जाऊ लागला. मला मात्र काहीच विचारलं नव्हतं. त्या दुपारी मी जुन्या मासिकांच्या खोलीत दार लोटून वाचत बसले होते, तेवढ्यात गठ्ठ्यांमागे ठेवलेला नवा फोन वाजला. "ऐकू येतंय ना नीट?" हे विचारत होते. त्या खोलीत मी बसते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हे गेले त्याला वर्ष होत आलं, आणि ह्यांना ते कसं कळलं असेल याचा मी अजून विचार करते.