चुन्याच्या रानात हरवलेले आबा

दुसऱ्यांदा पोटातलं बाळ गेलं, त्यानंतर मी देवापुढं दिवा लावणं सोडून दिलं होतं. कुणाशी भांडले नाही, बोललेही नाही, मन आतून उठून गेलं एवढंच. मी नर्स आहे. माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, हे ओळखलं होतं, पण मला समजवायला ते कधी बसले नाहीत. चैत्र लागल्यावर फक्त एवढंच म्हणाले, की येडाई देवीच्या यात्रेला जायचंय, मला आता नीट दिसत नाही, तू सोबत चल. त्यांना नाही म्हणणं मला कधीच जमलं नव्हतं.

आबांनी सत्तरीपर्यंत मेंढरं राखली. शंभराच्या वर मेंढरं होती, पण एकेकीला नाव होतं. चंद्री, भिंगरी, लाडी अशा हाका मारत ते रानातून चालायचे. उन्हातून विहिरीवर आलं की आधी मेंढरांना पाणी, मग कुत्र्याला, वाटेनं कुणी जात असेल तर त्याला, आणि सगळ्यात शेवटी स्वतः ओंजळ लावायचे. अनोळखी माणूस आला तर त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत नाव, गाव, काही विचारायचे नाहीत. लहानपणी मी एकदा याचं कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "आधी इचारलं तर त्याला वाटंल, नाव सांगितल्यावरच पानी मिळनार. तसं वाटू द्यायचं न्हाय, बाय."

येरमाळ्याला पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी चुन्याच्या रानात येते. माणसं वाकून वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात आणि देवीला वाहतात. आम्ही रानाच्या कडेला पोचलो तेव्हा आबांच्या इन्सुलिनची वेळ झाली होती. मी टोचून दिलं आणि बिस्किटाचा पुडा काढला, पण खडे वाहिल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही म्हणून ते हटून बसले. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, मग खातील, असं म्हणून मीही ऐकलं. नर्स असून ऐकलं. तेवढ्यात पालखी आली, "आई राजा उदो उदो" झालं, मागून लोंढा आला आणि त्यांचा हात माझ्या हातातून सुटला.

इन्सुलिन घेतलेल्या उपाशी माणसाचं काय होतं, हे मला नेमकं माहीत होतं. आधी घाम, मग थरथर, मग भोवळ. बिस्किटं माझ्या पिशवीत होती आणि आबा त्या हजारो माणसांत कुठंतरी होते. मी यात्रेच्या मांडवात जाऊन लाऊडस्पीकरवरून नाव पुकारायला लावलं, पण आबांना ऐकू कमी यायचं. दिसेल त्या पांढऱ्या पटक्यामागं धावले. पोलिसाला सांगितलं, पाणपोया पाहिल्या, दवाखान्याची गाडी पाहिली. असा तास गेला. शेवटी पाय चालेनात तेव्हा एका लिंबाखाली मातीतच बसले. किती महिन्यांनी मी देवीशी बोलले ते आठवत नाही. राग तसाच होता. मी एवढंच म्हणाले, "माझ्यानं आता व्हत न्हाय. तूच बघ."

पिशवीतला बिस्किटाचा पुडा काढून मांडीवर घेतला. दोन बायका हातात नवा चुडा भरून माझ्या पुढ्यातून चालल्या होत्या. एक दुसरीला हसत सांगत होती, की त्या म्हाताऱ्याच्या एका मेंढीचं नाव म्हणे चंद्री. मी उठले ते तिचा पदरच धरला, आणि त्यांनी मला वाट दाखवली.

रानाच्या पलीकडच्या टोकाला एका कासारणीचं पाल होतं. पन्नाशीची मुसलमान बाई, डोक्यावरून ओढणी घेतलेली. तिच्या बांगड्यांच्या पेट्यांना टेकून आबा बसले होते, पटका मांडीवर, केस घामानं ओले, हातात सरबताचा पेला. बाईनं मला सगळं नीट सांगितलं. म्हातारबाबा पालाच्या दोरीला अडखळून खालीच बसले, जीभ जड झाली होती, हात थरथरत होते. "आमच्या अब्बांला बी शुगर होती. असंच व्हायचं. म्हनून साखरपानी पाजलं, मग सरबत दिलं." आबांचं नाव विचारलं होतं का, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, की आधी माणूस शुद्धीवर तर येऊ दे.

मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला खांद्याला धरून उठवलं. मग आपणहून म्हणाली, माल सरत आला होता, त्यामुळं सकाळीच पाल सोडून ती घरी निघाली होती. दोऱ्यासुद्धा सोडल्या होत्या. "परत बांधल्या. का, ते मलाच ठावं न्हाय."

आबांना बिस्किटं भरवताना मला रडू आवरेना. हात सोडल्याबद्दल मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आगं, मी कुठं गेलो हुतो? तिच्याच रानात हुतो की. तुला लई भ्या वाटलं, व्हय?"

दिवाळीच्या आधी आबा गेले. दुपारी जेवून अंगणात बाजेवर पडले, ते उठलेच नाहीत. मी कामावर होते. पूर्वीची मी असते तर जवळ नव्हते म्हणून जन्मभर स्वतःला खात बसले असते. तसं झालं नाही. त्यांच्याजवळ कुणीतरी होतं, असं मला वाटतं. कोण, ते मी विचारत नाही.

आम्हाला मूल अजून नाही. यात्रेतल्या त्या दिवसानं ते दिलं नाही, आणि त्या दिवसाकडं मी ते मागितलंही नव्हतं. गेल्या महिन्यात दवाखान्यात एका अडलेल्या बाईची सुटका झाली. मला जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं आणि थांबले. बराच वेळ बाळ रडलं नाही, मग रडलं. त्याला पुसून आईच्या कुशीत देताना माझ्या पोटात दरवेळी उठणारी कळ आली नाही. मी खिडकीपाशी गेले आणि उभ्या उभ्याच हात जोडले. काही मागायचं सुचलं नाही.