झाकलेला चहा

आमचं घर एका खोलीचं होतं. आई-बापू दोघंही वीटभट्टीवर जायचे. भांडण झालं तरी रुसून बसायला दुसरी खोली नव्हती. आईने बापूचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही, पण दिवसातून वीसदा तिचं चालायचं, "अवं, ऐकताय न्हवं?"

"बहिरा न्हाई मी!" बापू खेकसायचा आणि ऐकायचा.

आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर मी, हे मी आजही छाती काढून सांगतो. स्मिता एम.ए. झालेली. एकमेकांना नावानेच हाक मारायची, हे आम्ही लग्नाआधीच ठरवलं होतं.

आज सकाळी टेबलावर माझा चहा बशीने झाकलेला दिसला. बशीच्या आतून थेंब जमले होते, चहा गार. तिने हाक मारलीच नव्हती. महिनाभरात तिने माझं नाव घेतलेलं मला आठवेना. मीही तिचं घेतलेलं नाही. भांडण म्हणाल तर तेही नाही. शिकलेली माणसं आवाज चढवत नाहीत.

कप घेऊन मी तिच्या खोलीत गेलो. "स्मिता."

पेपर तपासता तपासता ती म्हणाली, "काय? गॅस संपला?"

"नाही. नुसतीच हाक मारली."

तिने पेन खाली ठेवलं. चहा संपेपर्यंत आम्ही दोघं एका खोलीत होतो.