सोमवारचा रस्ता

बुधवारी सकाळी अकरा वाजता शिरोलीच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून मी यांना काहीतरी सांगत होते… आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

हा फ्लॅट आम्ही आधी तीनदा पाहिला होता. तिन्ही वेळा इतकं शांत, की समोरच्या झाडावर साळुंक्या भांडत होत्या तेही ऐकू आलं. एमआयडीसीच्या रस्त्यालगत असूनही असं घर मिळतंय म्हणजे नशीबच, असं मी बहिणीला फोन करून सांगूनही टाकलं होतं.

चूक कुठे झाली ते आता कळलं. तिन्ही वेळा सोमवार होता!

हे तीस वर्षं तिथल्याच एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात होते. सुट्टी सोमवारची. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमचं सगळं सोमवारी… दवाखाना सोमवारी, माहेरी जाणं सोमवारी, लेकीसाठी मुलगा बघायला गेलो तेही सोमवारी. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी बाहेरचं काम म्हटलं की आम्ही सोमवारीच निघतो. आणि या रस्त्यावरचे ट्रक ज्या कारखान्यांचे, ते सगळे सोमवारी बंद. उभा जन्म त्या सुट्टीवर काढला, पण दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

या वेळी एजंटच्या घरी सोमवारी बारसं होतं, म्हणून बुधवार निघाला. नाहीतर टोकन देऊन मोकळे झालो असतो.

घर बदलायचं कारण साधं आहे. आत्ताचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे… दोन वर्षं घरं बघतोय. लिफ्ट असते तिथे पाणी नसतं, शांत असतं तिथे रिक्षा येत नाही. आता तर कुठल्याही नवीन घरात शिरले की मी आधी टेकायला जागा शोधते.

हे घर मात्र सगळ्यांना पटलं होतं. एजंट तर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "काकी, रोड टच हाय. उद्या काय झालंच तर अँब्युलन्स थेट दारात येतीया!" 

बुधवारी शेजारच्या बाई गॅलरी पुसत होत्या. हातातलं फडकं काळंकुट्ट. "नवीन पावणं व्हय?" त्या ओरडूनच बोलत होत्या. "दिवसातनं दोनदा पुसतोय बघा मी. आणि हे काहीच न्हाय. उसाचा सीझन सुरू होऊ दे, मग ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी लावून… पोरास्नी एसटी दारात मिळती, म्हणून ऱ्हातोय."

झालं, माझं ठरलं. 'नको' म्हणायला यांच्याकडे वळले… हे कठड्याला रेलून उभे होते.

फौंड्रीने यांचे कान नेले. कानाचं मशीन आहे, पण त्यातून माणसांपेक्षा भांडीच जास्त वाजतात म्हणून घालत नाहीत. बोलणं कळत नाही म्हणून हळूहळू माणसांत जाणंही सोडलं. दिवसभर पेपर… संपला की परत तोच पेपर.

"अगं, हे बघ, त्या ट्रकवर पंपाचं कास्टिंग चाललंय!" हे मला खुणावत होते. "बांधलंय कसं बघ, पुढच्या वळणाला घसरतंय की!" एवढ्यात एका ट्रकवाल्याने खालून हात केला. यांच्या ओळखीचा निघाला. हे दोन्ही हात वर करून हाका मारत मोठ्याने हसले. असं हसणं मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं.

'नको' म्हणायचं मी सोडून दिलं. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये डबा खाऊन झाला की सिस्टर आम्हाला अर्धा तास शांत बसवायच्या. पंख्याचा आवाज, बाहेर चाफा… तो अर्धा तास मी अजून रोज दुपारी पाळते. म्हटलं, तेवढा जाईल. जाऊ दे.

एजंटने विचारलं, "मग काका, फायनल न्हवं?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात हे माझ्याकडे बघायला लागले. माझे दोन्ही हात कानांवर होते… कधी गेले मलाच कळलं नाही.

"लई आवाज हाय व्हय?"

मी मानेनेच 'नाही' म्हटलं. हे आणखी जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि एजंटकडे वळले. "नको. दुसरं बघ."

"अवो काका, तुम्हीच तर आत्ता…"

"नको म्हटलं न्हवं?"

परत येताना रिक्षात बसलो. हे एकदम, रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी फौंड्रीतनं आलो की तू रेडिओ बंद करायचीस. पोरीला सांगायचीस, पप्पा आलेत, हळू बोल. मला काय कळत नव्हतं व्हय?"

मला खरंच वाटायचं, कळत नसेल. रिक्षावाला आरशात बघून हसला. मी बाहेर बघत राहिले.

घर अजून मिळालेलं नाही. लिफ्ट असलेलं, पुढून रस्ता दिसेल आणि मागच्या खोलीत आवाज येणार नाही असं घर कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा… सोमवार सोडून कुठल्याही दिवशी बघायला येऊ.

आमच्या आत्ताच्या खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगची भिंत दिसते, बाकी काही नाही. हे तिच्याकडे तोंड करून पेपर वाचत बसतात. एका शब्दाने तक्रार नाही… एवढं मोठं 'नको' माझ्यासाठी आजवर कुणी म्हटलं नव्हतं.