आमच्या मिलमध्ये सिस्टिम आली तेव्हा

ज्या खात्यात काम सुरळीत चालतं तिथे किस्से घडत नाहीत. आमच्या खरेदी खात्यात गेल्या वर्षभरात इतके साठलेत, की त्यावरून माझ्या कामाचा अंदाज यावा.

सुरतजवळ सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत आमची कापड रंगवायची मिल आहे. चिठ्ठ्या, वह्या आणि फोनवर चालणारी सगळी खरेदी शेठनी कॉम्प्युटरवर आणायची ठरवली, आणि हा बदल लोकांच्या गळी उतरवायचं काम मला दिलं. माझी पात्रता एवढीच, की एकदा शेठच्या मोबाईलचा गेलेला आवाज मी परत आणला होता. तो सायलेंटवर होता.

*

पहिल्या ट्रेनिंगला मी दीड तास बोललो. चाळीस स्लाइड्स. शेवटी विचारलं, "काही शंका?"

स्टोअरकीपर हिंमतदादांनी हात वर केला. दादाही माझ्यासारखेच खानदेशातले. पंचवीस वर्षं मिलमधला एकेक बोल्ट त्यांच्या वहीत. ते अहिराणीतच म्हणाले, "मंग आते मना काय काम ऱ्हायनं?"

त्यांचं काय काम उरलं, याचं उत्तर चाळीसपैकी एकाही स्लाइडवर नव्हतं. मी म्हणालो, "आधी जेवून घेऊ."

*

लोकांची भीती जावी म्हणून पहिली ऑर्डर मी स्वतः, सगळ्यांसमोर टाकली. मुद्दाम सोपी वस्तू घेतली: झाडू, बारा. फक्त 'नग'च्या जागी माझ्याकडून 'बंडल' निवडलं गेलं.

चौथ्या दिवशी गेटवर झाडूंनी भरलेला टेम्पो उभा. हिंमतदादा माल उतरवून घेऊन शांतपणे माझ्या टेबलापाशी आले.

"साहेब, मिल झाडनी शे, का पुरं सचिन?"

*

भरतभाई तासाभरावरच्या कामरेजहून आम्हाला पुठ्ठ्याच्या नळ्या पुरवतात. त्यांना फोनवर सांगितलं, "आता पोर्टलवर नाव नोंदवा. मोबाईलवर ओटीपी येईल, तो मला सांगा, बाकीचं मी भरतो."

"हो" म्हणाले आणि फोन ठेवला. दुपारी बघतो तर दारात भरतभाई, घामाघूम, हेल्मेट हातात.

"साहेब, ओटीपी फोन पे नहीं बोलने का. बँकवाले ने मना किया है. इसलिए खुद लेके आया."

त्या ओटीपीची मुदत दहा मिनिटांची होती. मी दुसरा मागवला. तो त्यांनी स्क्रीनवर हात आडवा धरून, माझ्याकडे पाठ करून टाकला. मी शेठना कळवलं, पुरवठादारांचा प्रतिसाद उत्साही आहे.

*

मग पंपाच्या सीलची खरेदी अडकली. तीन दिवस ऑर्डर पुढे सरकेना, एक मशीन बंद. मी सगळ्या खात्यांत फिरून डाफरत होतो. "सिस्टिम एवढी फास्ट आहे, तुम्हीच स्लो आहात. कोणाकडे अडकलंय ते बघा तरी."

माझ्या शेजारी बसणाऱ्या ज्योत्स्नाबेननी आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला. 'मंजुरी बाकी' या शब्दांपुढे माझं नाव होतं.

त्या दिवशी डबा मी एकट्याने खाल्ला.

*

सहा महिन्यांनी लोकांचं मत घ्यायचं ठरलं. नाव न लिहिता मोकळेपणी लिहा, ही आयडिया माझीच. मीटिंगमध्ये शेठ स्वतः एकेक मत वाचून दाखवत होते. सगळ्यांनी 'गुड' लिहिलेलं. एक सोडून. ते शेठनी अडखळत वाचलं:

"सिस्टिम चांगली शे. पहिले साहेबले शिकाडा."

अर्थ कळल्यावर शेठचा चेहरा उतरला. वरच्या माणसाची चेष्टा त्यांना खपत नाही. एका फिटरला एवढ्याच कारणावरून घरी बसवलेलं सगळ्यांच्या लक्षात होतं.

"आ कोणे लख्युं?"

हिंमतदादा टेबलाकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी लिहिलं, शेठ," मी म्हणालो.

शेठ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तो शीखी लो ने, भाई."