फुलपाटील

वैशाखातल्या भर दुपारी, गल्लीतली कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली असताना, आमच्या शेजारच्या अंगणात एक धिप्पाड म्हातारा छत्री धरून उभा असे. पांढऱ्या झुपकेदार मिशा, गळ्यात तुळशीची माळ, पायांत जाड वहाणा. छत्री त्याच्या डोक्यावर मात्र नसे. गुडघ्याएवढ्या एका रोपावर ती धरून तो स्वतः उन्हात उभा राही. आधी त्याने रोपावर गवताची ताटी बांधली होती, पण दुपारच्या वाऱ्याने ती कोसळली आणि एक फांदी मोडली. तेव्हापासून त्याचा कशावरच भरवसा उरला नव्हता. भिंतीची सावली रोपापर्यंत आली की छत्री मिटून तो आत जाई. जाणारे-येणारे थांबून बघत आणि हसत. त्यांच्यातल्याच कोणीतरी ‘फुलपाटील’ हे नाव ठेवलं आणि साऱ्या बुलढाण्यात तेच चालू झालं.

माझं माहेर पुण्याकडचं. यजमान सरकारी शाळेत मास्तर, आणि बदल्यांचे हुकूम नागपुराहून यायचे, म्हणून आम्ही बुलढाण्यात येऊन पडलो होतो. शेजारचं घर बरेच दिवस रिकामं होतं. एका ज्येष्ठात तिथे हे पाटील कुटुंब राहायला आलं. कुटुंब म्हणजे दोघंच, पाटील आणि त्यांची बायको; त्यांना मी काकी म्हणे. मूळचे ते तिकडे मेहकराच्या पलीकडे, सुलतानपूरचे. मोठी शेती, गोठाभर बैल, दोन मुलगे, दोन सुना. ते सगळं सोडून भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला येण्याचं कारण काकींचं छातीचं दुखणं. इथली हवा थंड, इस्पितळ जवळ, म्हणून डॉक्टरांनी इथेच राहायला सांगितलं होतं. रोगाचं नाव कोणी उच्चारत नसे, पण सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्या ओसरीवर फारसं कोणी जात नसे. मी जाई. जरा अंतर ठेवून बसे, एवढंच.

त्यांची वऱ्हाडी बोली प्रथम मला फार रांगडी वाटे. पाटील बोलत तेही कमीच. आवाज मोठा, वाक्य लहान. जन्मभर हुकूम सोडायची सवय. “दवा घेतली?” “उन्हातून सरक.” “भात खाय.” काकी प्रत्येक वेळी “हाव” म्हणत. त्या दोघांत याहून वेगळं बोलणं मी पहिल्या वर्षात क्वचितच ऐकलं.

एकदा पाटील इस्पितळात औषध आणायला गेले असताना काकींनी मला जुनी गोष्ट सांगितली. लग्न होऊन सासरी आल्यावर त्यांनी विहिरीजवळ शेवंती आणि मोगरा लावला होता. माहेरी देऊळघाटला त्यांच्या आईचा फुलांचा वाफा होता, तिथूनच रोपं आणली होती. पुढे सुगीच्या दिवसांत कडबा रचायला जागा पुरेना, तेव्हा पाटलांनी गड्यांना तीच जागा दाखवली. काकी नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पाटील म्हणाले, “फुलं काय बैल खाते का?” आणि गंजी तिथेच रचली गेली. त्यानंतर काकींनी अंगणात तुळशीखेरीज काही लावलं नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपण कोणा तिसऱ्याच बाईविषयी बोलतो आहोत, अशा तऱ्हेने त्या सांगत होत्या.

हे फुलझाड आलं ते पाटील राहायला आले त्याच वर्षीच्या श्रावणात. इस्पितळाच्या वाटेवर एका साहेबाचा बंगला होता. गाडी त्याच्या फाटकावरून जाताना काकींना आत एक झुडूप दिसलं. पानं हाताच्या पंजाएवढी, आणि त्यावर लहान मुलाच्या डोक्याएवढे निळे गुच्छ. काकी म्हणाल्या, “अशी फुलं आपल्या दारात शोभली असती.” जन्मात त्यांनी नवऱ्यापाशी काही मागितलं नव्हतं. पाटलांनी तिथेच गाडी थांबवली, बंगल्याच्या माळ्याला गाठलं आणि त्या झाडाच्या चार-दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. माळ्याने सांगितलेलं हायड्रेंजिया हे नाव त्यांच्या तोंडात ‘हैदरांजी’ झालं आणि तसंच राहिलं.

फांद्यांपैकी एकच जगली. तिचं करता करता पाटलांचं वर्ष कसं गेलं ते मी भिंतीपलीकडून पाहिलं. शेतकरी माणूस, मातीची पारख उपजतच. पण हे झाड कपाशी-ज्वारीसारखं नव्हतं, त्याच्या खोडी निराळ्या. आमच्याकडच्या चिकण काळ्या मातीत त्याच्या मुळांशी पाणी तुंबे. म्हणून पाटलांनी खड्डा पुन्हा उकरला, सागाच्या झाडांखालचा कुजलेला पाला टोपल्या भरून आणला, त्यात जुनं शेणखत आणि वाळू कालवली. दिवाळीनंतर थंडी पडली तसं पाणी कमी केलं. पौषात झाडाची पानं झडून नुसत्या काड्या उरल्या तेव्हा ते घाबरले आणि धावत माळ्याकडे गेले. माळ्याने सांगितलं की काड्यांना हात लावू नका, पुढची फुलं त्यांच्याच शेंड्यात झोपलेली असतात. मग कोणाची शेळी येऊन शेंडे खाईल म्हणून बोराटीच्या काट्यांचं कुंपण झालं. माघ सरता सरता काड्यांवर हिरवे डोळे फुटले. पाटलांनी काकींना हाताला धरून तिथवर आणलं आणि दाखवलं. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, बुडाशी ओलं गोणपाट, आणि दुपारी ती छत्री.

पहिली फुलं पावसाच्या तोंडावर आली, ती गुलाबी. पाटील हिरमुसले. बंगल्यातली निळी होती. पुन्हा माळी. तो म्हणाला, हा मातीचा गुण आहे, तुरटीचं पाणी घालून बघा. मग गुच्छ वाळल्यावर ते हलक्या हाताने छाटून पाटलांनी वर्षभर तुरटीचा प्रयोग चालवला. एवढा थोरला माणूस उकिडवा बसून झाडाच्या बुडाशी तांब्याने पाणी सोडतो आहे, आणि ओसरीवर गोधडी पांघरून बसलेल्या काकी त्याच्याकडे बघताहेत. आमच्या घरात यावर बोलणं होई. यजमान म्हणत, म्हातारा जुनं देणं फेडतो आहे. मलाही तसंच वाटे, आणि ते पाहून बरंही वाटे.

दुसऱ्या वर्षी आषाढात फुलं निळी आली. अगदी बंगल्यासारखी नव्हती, थोडी जांभळट, पण निळी. काकी तोवर फार खंगल्या होत्या. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन गेले होते. पाटलांनी पहिला गुच्छ तोडून आणला आणि काकींच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, “घे. आली तुह्यी निळी फुलं.”

काकींनी त्याच्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “आता मले घरी न्या.”

पाटलांना वाटलं, आत खोलीत. ते त्यांना उठवायला वाकले. काकी म्हणाल्या, “सुलतानपूरले. त्या दिवशी म्या म्हनलं होतं, आपल्या दारात शोभली असती. तुमी फूल तेवढं आयकलं. दार नाई आयकलं.”

मी उठून जाऊ लागले, पण काकींनी मला हातानेच बसवलं. पाटील खाली जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं, “मंग दोन वर्सं बोलली काऊन नाई?”

“तुमी उन्हात छत्री धरून उभे राहत होते,” काकी म्हणाल्या. “तुमच्याकडं पाहून तोंडच उघडे नाई. कसं सांगू?”

त्याच दिवशी पाटलांनी सुलतानपूरला माणूस धाडला. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं, या दिवसांत एवढा प्रवास झेपणार नाही म्हणाले. पाटील त्यांच्यापुढे मान खाली घालून उभे राहिले आणि घरी येऊन बांधाबांध करू लागले. थोरला मुलगा दमणी घेऊन आला. छपराची हलकी गाडी, आत गादी, बाजूंना पडदे. पण त्याला येतानाच पैनगंगेने अडवून ठेवलं होतं, आणि तो पोचला त्यानंतर पावसाने उसंतच घेतली नाही. वाटेवर चाकं आसापर्यंत रुतत होती. नदीचं पाणी उतरलं की निघायचं, असं ठरलं. बैल कडुनिंबाखाली बांधले. त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला की काकी डोळे उघडून विचारत, “निघाचं?” पाटील सांगत, “आज नाई. पानी उतरू दे.” त्या पुन्हा डोळे मिटत. मुलगा दर एक-दोन दिवसांनी चिखलीपर्यंत जाऊन वाटेची खबर आणी.

गाडी दारात उभी असतानाच काकी गेल्या. बाहेर पाऊस थांबला होता, तांबूस ऊन पडलं होतं. मुलगा पाणी उतरल्याची खबर घेऊन आला तो दुसऱ्या दिवशी. त्याला दारातूनच सगळं कळलं.

सगळ्यांना वाटलं, आता पाटील गावी जातील. मुलाने हात जोडले, दमणी तयारच होती. पाटलांनी त्याच्या हाती अस्थी दिल्या आणि ते मागे राहिले. मीही त्यांना म्हणाले, काका, आता इथे कोणासाठी राहता? तेव्हा ते म्हणाले, “तिले नेलं नाई अन् मी आता लगेच गेलो, तं तिले वाटन, घर माह्यासाठी होतं, तिच्यासाठी नव्हतं. वर्स होऊ द्या, बाई.”

ते वर्ष त्यांनी त्याच दोन खोल्यांत एकट्याने काढलं. हाताने भाकऱ्या थापल्या. झाडाचं सगळं पूर्वीसारखंच केलं, फक्त तुरटी बंद केली. मी कारण विचारलं तर म्हणाले, त्याचा जो रंग असन तो येऊ द्या. आणि या वर्षातच त्यांना एक नवी सवय लागली. समोरच्याला काय हवं ते विचारायची. पाणी भरणारी बाई आली की तिला विचारत, दूधवाल्याला विचारत, आमच्या लेकीला विचारत. लोक गोंधळून जात. काही नको म्हणत. एक दिवस माझ्या यजमानांना ते सरळच म्हणाले, “मास्तर, बाईमान्साले इचारत जा. ते सोताहून सांगत नाई. अन् सांगतलं तं पुरं आयका.” पुढे कित्येक वर्षांनी, मी भिडेपोटी नको नको म्हणत असताना यजमानांनी मला माहेरी भावाच्या आजारपणात वेळेवर पोचवलं. तेव्हा गाडीत ते एवढंच म्हणाले, “पाटील म्हणाले होते.”

वर्षश्राद्ध झालं आणि पाटील निघाले. झाड गुलाबी गुच्छांनी भरलं होतं. त्यांनी मला विचारलं, “तुमाले पायजे का हे? भीड नका धरू.” मी खरं ते सांगितलं. आमची बदली तोंडावर आली होती, आणि त्या झाडाकडे बघून मला काकींनी घरी न्या म्हटलं तो दिवस आठवे. मी नको म्हणाले. ते रागावले नाहीत. उलट माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. झाड त्यांनी त्याच माळ्याच्या हवाली केलं. थोरला मुलगा पुन्हा दमणी घेऊन आला होता; तीत बसताना त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं नाही. काकींना न्यायला आणलेलीच गादी मुलाने याही वेळी आत अंथरली होती. ती त्यांनी गुंडाळून बाजूला सारली आणि ते फळीवर बसले.

पुढे खूप वर्षांनी आम्ही लोणारला देवदर्शनाला निघालो होतो. वाटेत सुलतानपूर लागलं. मी गाडी थांबवायला सांगितली. तिथे फुलपाटील म्हणून विचारलं तर कोणालाच कळेना. ते नाव बुलढाण्याचं. पण घर सापडलं. दोन्ही सुना बाहेर आल्या. पाटील वारून वर्ष उलटलं होतं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसवलं, गूळ-पाणी दिलं. विहिरीजवळ कडब्याची गंजीच होती. मोगरा नव्हता. मी उगाच तिकडे बघत राहिले.

थोरली सांगू लागली की मामाजी बुलढाण्याहून आले ते बदलूनच आले. रोज सकाळी दोघींना हाक मारत आणि तुमाले काय पायजे म्हणून विचारत. आधी भीती वाटे, आपलं काही चुकलं असेल असं. मग कित्येक दिवस सुचतच नसे. शेवटी एकदा धीर करून ती म्हणाली, दिवाळीला माहेरी जाऊ द्या. मामाजींनी तिच्यासमोरच दमणी जुंपायला सांगितली आणि स्वतः पोचवून आले. तेव्हापासून ती दर दिवाळीला जाऊ लागली.

धाकटी खांबाला टेकून उभी होती. मी तिला विचारलं, “आणि तू काय मागितलंस?”

तिने पदर नीट केला. “मी इचार करून राह्यली होती,” ती म्हणाली. “सांगीन सांगीन म्हनता म्हनता ते गेले.”