घोडबंदरचा रस्ता आणि मागचा लाल दिवा

मुलुंड आणि बोरिवली नकाशावर सख्खे शेजारी. मध्ये फक्त डोंगर, पण त्यापायी ठाण्यावरून घोडबंदरमार्गे केवढा वळसा! पन्नासच्या दशकातली गोष्ट. नारळी पौर्णिमेला बोरिवलीच्या मामाकडे आमच्या जुन्या मोटारीने जायचं माझ्या वडिलांनी, आप्पांनी ठरवलं. प्रश्न आईचा होता. आदल्या पावसाळ्यात गाडीच्या मागच्या लाल दिव्यात पाणी शिरून तो विझला आणि अंधारात एक ट्रक आमच्यावर येता येता थांबला. मागच्या सीटवर आईच होती. तेव्हापासून तिने गाडीत पाऊल टाकलं नव्हतं.

"दिव्याच्या फटींत सगळीकडून लांबी भरलीय. आता थेंब शिरणार नाही," आप्पा म्हणाले.

"जाताना उजेड आहे, तेवढी येते. संध्याकाळी मी आगगाडीने परत," आई म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

पेट्रोल ठाण्यातच भरलं, पुढे नुसतं जंगल होतं. खड्डे असे की डब्यातल्या करंज्यांचा चुरा झाला. गायमुखला खाडीकाठी चहाला थांबलो. एका आण्यात चहा मिळाला, वारा फुकट. मी सहज गाडीच्या मागे गेले, तर दिव्याची काच आतून धुरकट आणि तिच्यावर थेंब! सकाळपासून पाऊस नव्हता, मग हे पाणी आलं कुठून? मला भारी नवल वाटलं. आप्पांचा मात्र चेहरा पडला. "आईला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले.

पण आईने पाहिलंच होतं.

मामाकडे नारळीभात झाल्यावर आप्पांनी काच खोलली. आत चमचाभर पाणी आणि हिरवं शेवाळ. मामा म्हणाला, "अजून लांबी भरा भावजी."

"लोणच्याची बरणी ओलीच झाकली तर काय होतं?" आई ओट्यावरूनच म्हणाली. मग हात पुसत आली, वाकली. "आणि हे खालचं भोक कोणी बुजवलं?"

"मीच. पाणी तिथूनच शिरत असणार."

"अहो, ते पाणी जायला आहे!"

काच परत लावून तिने वरून तांब्याभर पाणी ओतलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. काचेखालची रबराची कडी वरच्या बाजूला तडकली होती, पाणी तिथून आत झिरपत होतं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची नवी कडी कापली, काच उन्हात खडखडीत वाळवली आणि आईने केसातल्या आकड्याने भोक मोकळं केलं. मला ही सगळी खटपट सहलीपेक्षा झकास वाटली.

निघताना पावसाची सर आली. आप्पांनी दिवा लावला. आई पिशवी घेऊन गाडीमागे पावसात उभी राहिली. काच स्वच्छ होती, दिवा लालभडक.

"ताये, स्टेशनार सोडू?" मामाने विचारलं.

"नको," म्हणत आई मागच्या सीटवर माझ्याशेजारी येऊन बसली. आप्पांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आता त्या रस्त्याने जाल तर दुतर्फा टॉवर दिसतील आणि गायमुखला वाहनांची रांग. मला आठवतं ते एवढंच, की घोडबंदरच्या वळणावर, पाठीमागे एक ट्रक येत असताना, आईचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. ती झोपली होती.

मुलुंडला घरापाशी गाडी थांबली. मी तिला हलवायला गेले, तर आप्पा म्हणाले, "राहू दे."

"दिवा चालू आहे, आप्पा. बॅटरी उतरेल."

"उतरू दे," ते म्हणाले, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.